पाणीपट्टी कोण ठरवतो?



अहमदपूरच्या आठवडी बाजारात वांग्यांची पाटी समोर ठेवून बसलेले एक वृद्ध शेतकरी परवा मला भेटले. त्यांच्या पागोट्याच्या घडीत एक छोटीशी पावती खोचलेली होती. मी विचारले, "मामा, ही पावती कशाची?"

"जागंची. बसायचे पैसे."

"किती दिले?"

"मागितले तेवढे दिले."

"दर किती आहे, कोणी ठरवला, विचारले का?"

मामा हसले. म्हणाले, "सर, आमी खेड्यातली माणसं. वांगी इकायची अन् दिस मावळायला घरी जायचं. नगरपालिकेचं आमाला काय करायचं हाय?"

मामांचा हा प्रश्न मनात राहिला आणि म्हणूनच आजच्या भाषणाला हा विषय घेतला. ज्याला नगरपालिकेशी काही कर्तव्य नाही असे वाटते तोही बाजारच्या दिवशी तहबाजारी भरतो. त्याचा मुलगा शिकायला शहरात खोली घेतो, त्या खोलीच्या भाड्यात घरपट्टी आणि पाणीपट्टी मिसळलेली असते. मुलीच्या लग्नाला शहरातले सभागृह घेतले की त्याचे भाडे आले. तेव्हा ही पट्टी, ही फी, हे भाडे ठरवतो कोण, आणि ते बदलते कसे, हे खेड्यातल्या माणसालाही ठाऊक असायला हवे.

आधी एक भेद सांगतो. कर वेगळा आणि फी वेगळी. बोलण्यात आपण दोहोंना 'पट्टी' म्हणून मोकळे होतो. कायदा तसे करीत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे शिरूर मठाचा खटला आला होता. त्यात न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. कर हा सर्वांच्या कामासाठी घेतलेला पैसा. तो देणाऱ्याला 'माझ्या रुपयाचे मला काय दिले?' असा जाब मागता येत नाही. फी मात्र काही विशिष्ट सेवेच्या बदल्यात घेतलेली असते, आणि ती सेवा व ती रक्कम यांचा एकमेकींशी मेळ असावा लागतो. पुढच्या निकालांतून हा मेळ पैशापैशाचा असावा असा आग्रह राहिला नाही, पण मूळ विचार टिकून आहे. मामांनी बसायच्या जागेचे पैसे दिले ते सेवेच्या बदल्यात. तेव्हा जागा झाडलेली असावी, प्यायला पाणी असावे, एवढे मागण्याचा हक्क त्या पावतीबरोबर त्यांच्याकडे आलेला आहे.

आपल्या राज्यघटनेत असे कलमच आहे की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही. कलम २६५. म्हणजे नगराध्यक्षांच्या मनात आले आणि पट्टी वाढली, असे होत नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या मनात आले म्हणूनही होत नाही. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांना हा आधार १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने मिळतो. तो अमलात आला १९६७ च्या जूनमध्ये. त्याआधी पश्चिम महाराष्ट्राचा कायदा निराळा, विदर्भाचा निराळा आणि आपल्या मराठवाड्याचा निराळा होता. अहमदपूर तालुका तर हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला जोडला गेला. दरबार बदलले, जिल्हे बदलले, कायदे बदलले. पण गावात दिवा लागला पाहिजे, गटार वाहिले पाहिजे आणि त्याचा खर्च कोणीतरी दिला पाहिजे, ही गोष्ट काही बदलली नाही.

पूर्वी या खर्चाचा मोठा भाग जकातीतून निघे. गावाच्या वेशीवर नाका असे, गाडी थांबे, मालाची झडती होई. नगरपालिकांच्या हद्दीतली ती जकात १९९९ साली बंद झाली. व्यापाऱ्याची कटकट गेली, ट्रकवाल्याचा खोळंबा गेला, हे उत्तमच झाले. पण नगरपालिकेच्या हाती रोज येणारा स्वतःचा पैसाही गेला, आणि तिची नजर राज्य सरकारच्या अनुदानाकडे लागली. तेव्हापासून लहान शहराजवळ स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न मुख्यतः दोन ठिकाणचे उरले आहे: घरपट्टी आणि पाणीपट्टी.

घरपट्टीचे गणित फार अवघड नाही. पुष्कळ नगरपालिकांत अजून जुनी भाडेमूल्याची रीत आहे. तुमचे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज करतात. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा करतात. उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणतात आणि त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी कर बसतो. समजा भाडे वर्षाला १२,००० रुपये धरले. दहा टक्के गेले, राहिले १०,८००. टक्केवारी जर वीस असेल तर कर झाला २,१६० रुपये. सामान्य कर, दिवाबत्ती, सफाई, सर्वसाधारण पाणीकर हे सारे या एकत्रित करात येते. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रत्येक गावची टक्केवारी निराळी.

त्या बिलाच्या खालच्या ओळी मात्र मुद्दाम वाचण्यासारख्या असतात. तिथे शिक्षण कर आणि रोजगार हमी कर अशा दोन ओळी सापडतात. हे पैसे नगरपालिका वसूल करते, पण ते तिचे नव्हेत, राज्य सरकारचे. १९६२ च्या कायद्याने शिक्षण कर आला आणि १९७२ च्या दुष्काळानंतर त्याला रोजगार हमीची जोड मिळाली. रोजगार हमीचा कर राहत्या घरावर नाही, दुकाने आणि कचेऱ्यांवर आहे. म्हणजे बाजारपेठेतला कापडदुकानदार घरपट्टी भरतो तेव्हा, त्याला पत्ताही नसताना, शिवारातल्या नालाबांधावर माती टाकणाऱ्या बाईच्या मजुरीत त्याचा वाटा पडतो. शहर आणि खेडे यांचे भांडण लावणाऱ्यांनी ही ओळ एकदा वाचावी.

आता पाण्याकडे वळू. खरा पेच इथे आहे.

अहमदपूर हे बालाघाटच्या पठारावरचे गाव. त्याला पाणी येते ते शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या, मन्याड नदीवरच्या लिंबोटी धरणातून. धरणात पाणी आहे म्हणून ते नळाला येत नाही. धरणातले कच्चे पाणी घेतले की त्याचे पैसे पाटबंधारे खात्याला द्यावे लागतात. तो ठोक दर ठरवण्यासाठी राज्याने २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमले आहे. मग ते पाणी पंपाने उपसून पठारावर चढवायचे, त्याचे वीजबिल. विजेचा दर ठरवणारा आयोग आणखी निराळा. मग तुरटी, ब्लीचिंग पावडर, गाळणीची वाळू, जलवाहिनी फुटली तर तिची दुरुस्ती, रात्री व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार. यातल्या एकाही खर्चाचा दर नगरपालिकेच्या हातात नाही. तिच्या हातात आहे फक्त शेवटचा दर, म्हणजे तुमच्या-आमच्या अर्धा इंची नळाची वर्षाची पाणीपट्टी. आणि नेमका तोच वाढवायला कोणी धजत नाही.

का धजत नाही, हे सांगायला नको. सभागृहात पट्टी वाढवण्याचा ठराव आला की पुढच्या निवडणुकीत तो नगरसेवकाच्या गळ्यात पडतो. म्हणून ठराव तहकूब होतो, पुन्हा तहकूब होतो. मध्यंतरी २०२१-२२ पासून नगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या, गावोगाव प्रशासक होते, ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत. त्या काळात दर वाढवायला मताची भीती नव्हती, पण वाढवला तर जाब विचारायला निवडून दिलेला माणूसही नव्हता. दोन्ही गोष्टी वाईटच.

दर गोठून राहिला की काय होते, याचा हिशेब करू. समजा एका गावात हजार नळ आहेत आणि पाण्याचा वर्षाचा खर्च तीस लाख रुपये. प्रत्येक नळामागे तीन हजार पडले. पट्टी आहे दीड हजार. म्हणजे मागणीच मुळी पंधरा लाखांची, आणि शंभरांतले साठच भरतात असे धरले तर हाती येतात नऊ लाख. एकवीस लाखांची खोट. ही खोट कुठून भरतात? घरपट्टीतून, अनुदानातून, म्हणजे गटारातून, रस्त्यावरच्या दिव्यातून, नगरपालिकेच्या शाळेतल्या फळ्या-बाकांतून. तेही पुरले नाही की वीजबिल थकते, पंप बंद पडतो आणि दोन दिवसांआड येणारे पाणी आठ दिवसांआड येऊ लागते.

ज्याच्या घरी मोठा हौद आहे, बोअर आहे, त्याला आठ दिवसांआडचे पाणी चालते. दोन घागरी आणि एक पिंप एवढीच जिची साठवण आहे, ती बाई काय करील? ती टँकरवाल्याकडून विकत घेते किंवा जारचे पाणी आणते. एक हजार लिटरचा भाव काढून बघा. नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट होतो. गावच्या टोकाला चढावर राहणारी ही कुटुंबे वर्षाची पट्टी 'वाचली' म्हणून आनंद मानू शकत नाहीत. स्वस्त पट्टीचा लाभ नळाला मोटर लावून पाणी ओढणाऱ्याच्या पदरात पडतो आणि तिची भरपाई चढावरची बाई करते. गरिबांसाठी पट्टी वाढवली नाही, असे सभागृहात सांगतात, तेव्हा हा गरीब नेमका कोणता, हे विचारले पाहिजे.

म्हणून दर वाढवावा म्हणजे झाले, असेही माझे म्हणणे नाही. आपल्याच लातूर शहराचे उदाहरण घ्या. २००८ साली तिथल्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था दहा वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे सोपवण्यात आली. घरोघर मीटर, नवा दर, नवी अनामत अशी भाषा सुरू झाली. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे साधे होते: नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि मीटर मात्र रोजचा? काही वर्षांतच ते काम थांबले. लोकांना पैसे द्यायचे नव्हते म्हणून हे झाले, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आधी सेवा, मग दर, आणि त्याआधी विचारणा, हा क्रम उलटा झाला की असेच होणार.

याच्या उलट सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला लागून मलकापूर नावाचे छोटे गाव आहे. तिथे २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. मीटर तिथेही बसले. पण पाणी चोवीस तास येऊ लागले आणि दर चढत्या पायऱ्यांचा ठेवला: थोडे वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला जास्तीच्या पाण्याचे महाग. चोवीस तास पाणी म्हटल्यावर लोक उधळपट्टी करतील अशी भीती असते. झाले उलटेच. पाणी केव्हाही येते म्हटल्यावर साठवण्याची आणि शिळे म्हणून ओतून देण्याची सवय गेली, वापर घटला, उपशाची वीजही वाचली. मलकापूरला कृष्णा-कोयनेचे पाणी आहे, आपल्याला नाही, हे मान्य. पण पायऱ्यांच्या दराला नदी लागत नाही. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून दर कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत आणि त्यापुढे पैसे, असे धोरण धरले. तिथल्याही सगळ्या गावांना ते नीट साधले नाही, परंतु 'गरिबाला सवलत' या शब्दांना लिटरचे माप मिळाले.

आणि पाण्याची खरी किंमत काय, हे लातूरने २०१६ च्या एप्रिलमध्ये पाहिले आहे. मांजरा धरण कोरडे पडले होते. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या आणि हे पावसाळ्यापर्यंत चालले. नंतर रेल्वेने वाहतुकीचे सुमारे चार कोटी रुपयांचे बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवल्याचे वर्तमानपत्रांत आले. पाणी फुकट असते असे म्हणणाऱ्याला मी त्या गाडीची आठवण करून देतो.

मग दर बदलावा तरी कसा? माझ्या मते थोडा थोडा, ठरलेल्या वेळी आणि हिशेब पुढे ठेवून. मुंबई महानगरपालिकेने २०१२ साली असा निर्णय केला की पाण्याचा खर्च वाढेल त्या प्रमाणात दरवर्षी दर वाढवता यावा, पण आठ टक्क्यांच्या वर नाही. मोठ्या शहराची रीत लहान गावाला जशीच्या तशी लागू पडत नाही. तरी त्यातले कुंपण घेण्यासारखे आहे. दहा वर्षे एक पैसा वाढवायचा नाही आणि अकराव्या वर्षी दुप्पट करायचे, याने घरखर्चाची घडी मोडते. दरवर्षी पन्नास-साठ रुपये वाढले तर कुरकुर होईल, मोर्चा निघणार नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ पासून शहरांच्या अनुदानाला अट घातली होती की राज्याने मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करावा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वाढीबरोबर वाढावी. म्हणजे स्वतः कमावत नाही त्याला वरूनही मिळणार नाही.

खेड्यातल्या श्रोत्यांनी हे शहराचे रडगाणे समजू नये. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा आणि तिच्या कर व फी यांचे नियम १९६० चे. तुमच्याही गावात घरपट्टी आहे, दिवाबत्ती आहे, पाणीपट्टी आहे. जलजीवन मिशनमधून २०१९ पासून घरोघर नळ देण्याचे काम निघाले; माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरले. नळ सरकारने दिला, टाकीही बांधली. पण पंपाचे बिल महिन्याच्या महिन्याला येते आणि ते गावाला भरायचे असते. त्याचा दर ग्रामसभेत बोलून ठरवायचा की बिल थकल्यावर टँकरची वाट पाहायची, हा प्रश्न पुढच्या उन्हाळ्याआधी पुष्कळ गावांपुढे येईल.

गुरुजींना एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना पुस्तकातले नफातोट्याचे उदाहरण एखादे दिवस बाजूला ठेवा आणि मुलांना घरून घरपट्टीचे बिल आणायला सांगा. करयोग्य मूल्य किती, टक्के किती, थकबाकीवर दरमहा दोन टक्क्यांची शास्ती बसली तर वर्षाने किती होते, हे त्यांना काढू द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने असा हिशेब करून वडिलांची दोन वर्षांची थकबाकी भरायला लावली. कॉलेजात शिकवून माझ्याकडून जे झाले नाही ते त्या एका कागदाने केले.

आता राहिली शेवटची आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट. दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. तिला चतुर्थवार्षिक आकारणी म्हणतात. घरांची मोजमापे होतात, नगररचना विभागाचा अधिकारी मूल्ये तपासतो, यादी तयार होते आणि ती नगरपालिकेत पाहायला ठेवतात. मग जाहीर नोटीस निघते आणि हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. साध्या कागदावर अर्ज चालतो. हरकतीची सुनावणी होते. आपण स्वतः जाऊन बोलू शकतो. पुढे अपिलाचीही सोय आहे, पण आधी हरकतच घेतली नसेल तर अपिलाचे दार उघडत नाही. त्या तीस दिवसांत नगरपालिकेत शुकशुकाट असतो. पुढे बिले वाटली की मात्र कट्ट्याकट्ट्यावर सभा भरतात.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. एका तालुक्याच्या गावी आमचे वडिलोपार्जित घर आहे. तिथल्या यादीत आमचा पत्र्याचा गोठा राहती खोली म्हणून चढला होता. नोटीस वर्तमानपत्रात आली होती. मी ती वाचली, घडी घातली आणि विसरलो. तीस दिवस गेले. चार वर्षे मी गाईच्या खोलीची पट्टी भरली, आणि गाय तर त्याआधीच विकलेली.

पुढच्या आकारणीला मात्र बाराव्या दिवशीच अर्ज नेऊन दिला. पोच घेतली. सुनावणीला पाच मिनिटेही लागली नाहीत. लिपिकाने टेप घेऊन माणूस पाठवला, त्याने गोठा मोजला, 'गुरांचा' असा शेरा मारला आणि तो यादीतून कमी झाला. जाता जाता त्याने वर बघितले आणि माडीवर मी दोन वर्षांपूर्वी काढलेली खोली मोजून घेतली. पट्टी एकूण पंचाऐंशी रुपयांनी वाढली. खोली माझीच होती, तेव्हा हरकत घेतली नाही.